निसण्यावरची धार

पात्याचे दोन उतार जिथे एकमेकांना भेटतात ती रेघ म्हणजे धार. रेघ जितकी बारीक तितके पाते तीक्ष्ण. माणसाचा केस साधारण ५० ते १०० मायक्रॉन जाड असतो. नीट धार लावलेल्या स्वयंपाकाच्या सुरीची ही रेघ एखाद्या मायक्रॉनच्या आसपास येते. सुरी बोथट झाली म्हणजे पाते संपले असे नव्हे. ती रेघ कुठे गोलसर झालेली असते, कुठे एका अंगाला लवलेली असते, कुठे तिचे सूक्ष्म कण तुटून गेलेले असतात. ते दोन उतार पुन्हा काटेकोर भेटतील इतपत धातू निसण्यावर, म्हणजे धारेच्या दगडावर, घासून काढणे, एवढेच धार लावण्याचे काम आहे. बाकी सारे या कामाचे तपशील आहेत, पण खरी मेख त्यांच्यातच असते.

बोथट धार डोळ्यांना दिसते, हे अनेकांना ठाऊक नसते. सुरीची धार वर करून ती दिव्याखाली धरावी आणि किंचित मागेपुढे कलती करावी. जिथे धार गेलेली आहे तिथे बारीक चकाकती रेष दिसते. जिथे ती शाबूत आहे तिथे काहीच दिसत नाही, कारण उजेड परतवायला तिथे पृष्ठभागच उरलेला नसतो. काम सुरू करण्यापूर्वी ही पाहणी केली की पात्याचा कोणता भाग अधिक घासायचा आहे ते कळते. बहुतेक घरगुती सुऱ्यांमध्ये टोकाकडचा तिसरा हिस्सा सर्वांत आधी जातो, कारण तोच सारखा खालच्या पृष्ठभागाला टेकत असतो.

भाजीसारख्या मऊ वस्तूने पोलाद बोथट कसे होते, हा प्रश्न साधा वाटला तरी त्याचे उत्तर सोपे नाही. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतील संशोधकांनी २०२० साली दाढीच्या पात्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. पोलाद केसापेक्षा सुमारे ५० पट कठीण असते, तरीही केस पात्याला तिरका भिडला आणि धारेच्या त्या जागी पोलादाची अंतर्रचना एकसारखी नसली, तर धारेचा कपचा उडतो, असे त्यांना सूक्ष्मदर्शकाखाली आढळले. स्वयंपाकघरात मात्र इतक्या सूक्ष्म कारणापर्यंत जावे लागत नाही. स्टीलच्या ताटात कांदा चिरणे, ग्रॅनाइटच्या ओट्यावरच लिंबू कापणे, चिरलेली भाजी धारेनेच खरवडून पातेल्यात लोटणे, या तीन सवयी कोणतीही धार आठवडाभरात घालवायला पुरेशा आहेत. लाकडी पाट किंवा जाड प्लॅस्टिकचा चॉपिंग बोर्ड वापरला तर तीच धार कितीतरी पट टिकते.

हाताने धार लावायला साधे कार्बन पोलाद सर्वांत सोयीचे. यात लोखंड आणि कार्बन हे दोनच घटक महत्त्वाचे. सुरीच्या पोलादात कार्बनचे प्रमाण साधारण ०.६ ते १.३ टक्के असते. फ्रान्सच्या साव्हुआ प्रांतातील ओपिनेल चाकूची कार्बन पोलादाची जात सुमारे ०.९ टक्क्याची, तर जपानी सुऱ्यांसाठी वापरले जाणारे ‘शिरोगामी’ पोलाद एक टक्क्याहून थोडे वरचे. आपल्याकडचे लोहार कोयते आणि विळीची पाती बहुधा ट्रकच्या जुन्या कमानपाट्यांतून घडवतात. त्या पोलादात कार्बन अर्ध्या टक्क्याच्या जरा वर असतो, म्हणून ते पाते जपानी सुरीइतके कठीण होत नाही, पण दणका सोसते. १९१३ साली शेफिल्डमध्ये हॅरी ब्रिअर्ली यांनी क्रोमियम मिसळून न गंजणारे पोलाद तयार केले आणि पुढच्या काही दशकांत घरोघरच्या सुऱ्या स्टेनलेसच्या झाल्या. गंजाची कटकट मिटली. पण क्रोमियमचे कठीण कण दगडाला सहज दाद देत नाहीत, आणि स्वस्त, मऊ स्टेनलेसवर घासताना धारेवर येणारा धातूचा पापुद्रा चिवटपणे इकडून तिकडे वळत राहतो, सुटत नाही. कार्बन पोलादावर तो पटकन येतो आणि स्वच्छ तुटून जातो. शिकणाऱ्याने पहिली सुरी कार्बन पोलादाची घ्यावी ती यासाठी.

पोलादाचा कठीणपणा नुसत्या कार्बनाने येत नाही, पाते घडवल्यावर त्याला पाणी द्यावे लागते. पोलाद तापवत नेले की सुमारे ७७० अंश सेल्सियसला त्याला लोहचुंबक चिकटेनासा होतो. लोहार तेव्हाचा लालभडक रंग नजरेने ओळखतो, जरा आणखी तापवतो आणि पाते पाण्यात किंवा तेलात बुडवतो. त्या झटक्याने पोलाद काचेसारखे कठीण आणि ठिसूळ होते. मग ते पुन्हा दीडशे ते अडीचशे अंशांपर्यंत हलके तापवून ठिसूळपणा उतरवतात. हे शेवटचे तापमान ध्यानात ठेवण्याजोगे आहे. धार लावताना पाते त्याच्या वर गेले की दिलेले पाणी उतरते. विजेच्या कोरड्या चाकावर धारेचा पातळ काठ क्षणात तितका तापतो, आणि काठावर निळा रंग चढला तर तो भाग सुमारे ३०० अंशांपर्यंत गेला, असे खुशाल समजावे. असे पाते त्या दिवशी छान कापते, पण पुढच्या आठवड्यात परत बोथट होते. दारावर येणारा सायकलवरचा धारवाला वाईटच असतो असे नव्हे. पाते चाकाला नुसते टेकवून उचलणारा, मधूनमधून पाण्यात बुडवणारा माणूस उत्तम धार लावतो. मात्र ठिणग्यांचा पाऊस पाडणाऱ्याच्या हाती विळी द्यायची तर ती बरीचशी झिजूनच परत येणार. हाताने दगडावर घासताना हा धोका संभवतच नाही. तिथे पाते कोमट झाले तरी खूप.

दगडाची निवड त्याच्या कठीणपणावरून ठरते. खनिजांच्या मोह्ज मापनात गारगोटी सातव्या पायरीवर, कुरुंद नवव्या आणि हिरा दहाव्या. पाणी दिलेले पोलाद साधारण गारगोटीच्या जवळपास असते. म्हणूनच गारेचे कण असलेला साधा वाळूचा दगडही खेड्यातल्या विळ्याखुरप्याला चालून जातो, आणि तोच दगड आधुनिक स्टेनलेसवर मात्र नुसता घसरतो. जगभरात नाव मिळवलेले नैसर्गिक निसणे याच तत्त्वावर काम करतात: अमेरिकेतील आर्कान्सा राज्याचा दगड म्हणजे अतिसूक्ष्म गारच, बेल्जियमच्या आर्देन भागातल्या पिवळ्या दगडात गार्नेटचे कण, आणि जपानच्या क्योतोजवळच्या खाणींतले दगड इतके मऊसूत की शेवटचा हात त्यांच्यावरच फिरवायचा. पहिल्या शतकातील रोमन लेखक प्लिनी याने आपल्या ‘निसर्गेतिहास’ ग्रंथात तेलावर चालणारे आणि पाण्यावर चालणारे दगड वेगळे सांगितले आहेत. तेलाच्या दगडांत क्रीट बेटाचा पहिला, पाण्याच्या दगडांत नाक्सोसचा. ही वाटणी आजही तशीच आहे.

आज बाजारात मिळणारे बहुतेक दगड कृत्रिम. १८९१ साली एडवर्ड अॅचेसन यांना अमेरिकेत विजेच्या भट्टीत सिलिकॉन कार्बाइड सापडले, पुढे कृत्रिम कुरुंदही भट्टीतून येऊ लागला, आणि ठरावीक मापाचे कण चिकटवून दगड बनवणे शक्य झाले. महाराष्ट्रात उरणजवळच्या मोरा येथे ग्राइंडवेल हा घासण्याच्या चाकांचा आणि दगडांचा उद्योग १९४१ साली उभा राहिला. कृत्रिम दगडाचा मोठा फायदा म्हणजे त्यावरचा नंबर. जपानी पद्धतीच्या १००० नंबरच्या दगडातले कण साधारण दहा-पंधरा मायक्रॉनचे, ६००० नंबरमधले दोन मायक्रॉनच्या आसपासचे. युरोपीय आणि अमेरिकी नंबर वेगळ्या मापाने देतात, त्यामुळे दोन कंपन्यांच्या दगडांची नुसत्या आकड्यांवरून तुलना करण्यात अर्थ नाही. एका बाजूला खरखरीत आणि दुसऱ्या बाजूला बारीक असा हार्डवेअरच्या दुकानातला जोडदगड कोयत्या-विळीला पुरतो. सुरीसाठी एकच दगड घ्यायचा झाला तर तो १००० नंबरचा घ्यावा. २२० ते ४०० नंबरचा दगड पात्याला दाते पडले असतील तरच लागतो. ६००० चा म्हणजे हौस. टोमॅटोच्या सालीवर तर १००० ची किंचित खरखरीत धार त्याहून चांगली चावते.

दगड कोरडा वापरू नये. घासल्यावर निघणारी पोलादाची पूड त्याच्या छिद्रांत बसते आणि दगड गुळगुळीत होऊन कापेनासा होतो. पाणी किंवा तेल ती पूड तरंगत ठेवते. सच्छिद्र जपानी दगड दहा-पंधरा मिनिटे, बुडबुडे थांबेपर्यंत, पाण्यात बुडवून ठेवतात. घट्ट जातीच्या काही दगडांना वरून शिंपडलेले पाणी पुरते आणि ते भिजत ठेवले तर उलट खराब होतात, म्हणून दगडासोबत आलेली सूचना वाचलेली बरी. घासताना वर जो करडा चिखल येतो तो धुऊन टाकायचा नाही, त्यातले सुटे कणही काम करत असतात. तेलाच्या दगडाला शिलाई मशीनचे तेल किंवा औषधाच्या दुकानातले लिक्विड पॅराफिन चालते. खोबरेल हाताशी असले तरी टाळावे: ते सुमारे २४ अंशांखाली थिजते आणि पुण्या-नाशिकच्या थंडीत दगडाच्या छिद्रांतच गोठून बसते. जवसाचे तेल त्याहून वाईट. ते सुकून त्याचा चिकट पापुद्रा होतो. एकदा तेल पाजलेला दगड पुन्हा पाण्यावर चालत नाही.

आता कोन. पाते दगडावर आडवे टाकून त्याची पाठ जितकी उचलावी तितका धारेचा कोन मोठा होतो. स्वयंपाकाच्या सुरीला दर बाजूला १५ ते २० अंश ठीक. कठीण पोलादाची पातळ जपानी सुरी १५ च्या खालीही तग धरते, कोयत्याला २५ ते ३० लागतात. अंशांची भाषा ओट्याशी उभे राहून निरुपयोगी, म्हणून ती मिलिमीटरमध्ये आणावी. धारेपासून पाठीपर्यंत ४० मिलिमीटर रुंदीच्या सुरीची पाठ सुमारे १० मिलिमीटर, म्हणजे करंगळीच्या जाडीइतकी उचलली की १५ अंश होतात. साडेतेरा मिलिमीटर उचलली की २० अंश. याच हिशेबाने हात किती चुकला तर चालेल तेही निघते. पाठ एक मिलिमीटर वरखाली झाली की कोन दीड अंशाने बदलतो, आणि तेवढ्याने काही बिघडत नाही. बिघडते ते प्रत्येक फेऱ्यात मनगट डोलल्याने. अशाने दोन सपाट उतारांऐवजी गोल गरगरीत काठ तयार होतो. अमुकच कोन हवा हा हट्ट सोडून एकदा धरलेला कोन न सोडणे, हेच शिकण्यासारखे कसब आहे. पात्याच्या उतारावर मार्कर पेनाने काळी रेघ ओढून दोन-तीन फेरे मारले की शाई कुठून निघाली ते पाहून हात ताबडतोब सुधारता येतो: शाई फक्त वरच्या अंगाने निघाली तर पाठ फार खाली आहे, फक्त काठावरून निघाली तर फार वर.

दगडाखाली ओले फडके घालावे, म्हणजे तो सरकत नाही. उजव्या हातात मूठ आणि तर्जनी पाठीवर. डाव्या हाताची दोन-तीन बोटे पात्यावर, जिथे पाते दगडाला टेकले आहे नेमके त्याच्या वर. डाव्या हाताचे काम फक्त दाब देण्याचे, कोन सांभाळतो तो उजवा. पाते दगडावर थोडे तिरके ठेवून दगडाच्या पूर्ण लांबीवर मागेपुढे न्यावे आणि बोटे हळूहळू मुठीकडून टोकाकडे सरकवावीत. टोकाकडे पाते वळते तिथे मूठ जरा उचलावी लागते. ती उचलली नाही तर टोक तसेच बोथट राहते, आणि बहुतेकांचे राहतेच. दाब किती, हे स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर दगड ठेवून पाहता येते. सुरुवातीला दीड-दोन किलो, शेवटच्या फेऱ्यांत पात्याच्या वजनाहून थोडा जास्त.

किती वेळा घासायचे, असे नवशिके विचारतात. त्याला आकड्यात उत्तर नाही. उत्तर पाते स्वतः देते. एका बाजूचा उतार घासत घासत जेव्हा खरोखर काठापर्यंत पोचतो, तेव्हा काठावरचा अतिपातळ धातू कापला न जाता दुसऱ्या बाजूला लवतो. या लवलेल्या पापुद्र्याला कारखान्यातले फिटर बर म्हणतात. अंगठ्याचे पेर पाठीकडून धारेच्या दिशेने, धारेच्या बाहेर जाईल असे हलके ओढले की बर बोटाला अडते. धारेच्या लांबीने बोट कधीही फिरवू नये. मुठीपासून टोकापर्यंत सलग बर लागली की ती बाजू झाली. मध्ये कुठे लागली नाही तर तेवढ्याच जागी आणखी घासायचे. मग सुरी उलटून दुसरी बाजू, पुन्हा सलग बर येईपर्यंत. लोक धार लावताना फसतात ते जवळजवळ नेहमी इथे. बर येण्याआधीच कंटाळून थांबले की दोन उतार भेटलेलेच नसतात, आणि मग दगड कितीही महागडा असो, सुरी होती तशीच राहते.

दुसरी फसगत याच्या अगदी उलट. बर आली, पण ती काढली नाही. अशी सुरी कागद सरसर कापते, अंगठ्याला तिखट लागते, आणि चार कांदे चिरले की लवलेला पापुद्रा मोडून पडतो व खाली बोथट काठ उघडा होतो. या खोट्या धारेमुळेच ‘घरी लावलेली धार टिकत नाही’ असा समज झाला आहे. बर काढण्यासाठी दाब अगदी कमी करून, एकेका बाजूने एकेक फेरा, धार पुढे ठेवून, म्हणजे दगडाचा पातळ काप काढायचा आहे अशा दिशेने पाते न्यावे. बाजू दर वेळी बदलावी. आठ-दहा फेऱ्यांत बर दोन्हीकडे बोटाला लागेनाशी होते. शेवटी चामड्यावर पाते मागे, धारेच्या उलट दिशेने ओढावे. केशकर्तनालयातला न्हावी वस्तरा पट्ट्यावर फिरवीत असे तो यासाठीच. चामडे नसेल तर दगडावर गुंडाळलेला वर्तमानपत्राचा कागद चालतो, त्यातल्या शाईची काजळी सौम्य घर्षक आहे. धार झाली की नाही हे पिकलेल्या टोमॅटोवर पाहावे: न दाबता, नुसत्या सुरीच्या वजनाने साल फाटली तर काम झाले.

विळीचे गणित उलटे. कोकणात आदोळी किंवा मोरळी म्हणतात ती धरून, सगळ्याच विळ्यांचे पाते पाटाला उभे जखडलेले असते, त्यामुळे पात्याऐवजी दगड फिरवावा लागतो. त्याला लांबट, हातात मावणारा, दोन बोटे रुंद दगड हवा. पाट पायाने किंवा गुडघ्याने घट्ट दाबावा, बसायचे ते पात्याच्या बाजूला, समोर नव्हे, आणि दगड पात्याच्या लांबीने बुडापासून टोकाकडे न्यावा; दगड धरलेली बोटे त्याच्या कडेखाली डोकावू देऊ नयेत. बर पाहण्याची रीत तीच. ऊसतोडीच्या कोयत्याला मात्र फडात कानस मारतात, कारण त्याचे पोलाद कानशीपेक्षा बरेच मऊ ठेवलेले असते. कठीण सुरीवर कानस चावत नाही, नुसती वाजत घसरते.

दगडही झिजतो, आणि मध्यभागी अधिक झिजतो. खोलगट दगडावर कोन सांभाळताच येत नाही. त्यावर पेन्सिलीने चौकडी आखावी आणि सपाट काचेवर किंवा ओट्याच्या ग्रॅनाइटवर ओला वॉटर पेपर अंथरून चौकडी पूर्ण पुसली जाईपर्यंत दगड घासावा. वॉटर पेपर शंभर-दीडशे नंबरचा पुरे. हे काम लोक सर्वांत जास्त टाळतात, आणि बिघडलेल्या धारेचा दोष हाताला देत बसतात.

धार लावलेले कार्बन पोलाद उघडे पडलेले असते. त्या दिवशी चिरलेली कैरी काळसर पडते, कांद्याला लोखंडी वास येतो. केळफूल आणि कच्ची केळी यांतल्या टॅनिनचा लोखंडाशी संयोग होऊन काप काळेच होतात. काही दिवसांत पात्यावर निळसर करडा थर चढतो आणि हा त्रास बराच कमी होतो. तो थर घासून काढायचा नाही. तांबडा, बोटाला लागणारा गंज तेवढा राखेने किंवा बारीक वॉटर पेपरने काढावा. वापर झाला की पाते लगेच धुऊन कोरडे पुसावे, कोकणातल्या पावसाळ्यात वर खोबरेलाचे बोट फिरवावे. इथे खोबरेल थिजले तरी बिघडत नाही. विळ्या-कोयत्यांना खंडेनवमीला घासूनपुसून पूजेला मांडण्याची रीत आहे; रोज वापरातल्या सुरीला मात्र महिन्या-दीड महिन्याने १००० च्या दगडावर पाच मिनिटांचा हात लागतो. इतके वेळेवर केले तर खरखरीत दगडाची वर्षानुवर्षे गरज पडत नाही.

काही गोष्टी दगडाच्या आवाक्याबाहेरच्या आहेत. वर्षानुवर्षे धार लावत गेल्याने काठ पात्याच्या जाड भागापर्यंत सरकला की धार तीक्ष्ण असूनही सुरी बटाट्यात पाचर ठोकल्यासारखी अडते. तिथे आधी पात्याच्या गालांवर खरखरीत दगड लावून ते पातळ करावे लागते, हे काम तासाभराचे आणि कंटाळवाणे. चार-पाच मिलिमीटर खोल दाते पडले, पाते वाकले, किंवा चाकावर पाणी उतरून काठ निळा पडला, तर पाते लोहाराकडे द्यावे. तो ते भात्यावर तापवून ठोकतो, पुन्हा पाणी देतो आणि कानशीने ढोबळ उतार पाडून देतो. त्यानंतर २२० नंबरच्या दगडापासून पुढचे सगळे पहिल्यापासून.